निळ्या झळकेचं माणिक

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास गंगाधर भरणे इतवारीतल्या रत्नतपासणी केंद्राच्या पायऱ्या चढून आले, तेव्हा वैजयंती निनावेला वाटलं, म्हातारबुवा चुकून आले असणार. भरणे म्हणजे नागपूरच्या सराफ्यातले सगळ्यांत जुने रत्नपारखी. वय चौऱ्याहत्तर. वैजयंतीच्या वडिलांशी त्यांचं सव्वीस वर्षं बोलणं नव्हतं. एकाच गल्लीत राहून दोघं एकमेकांना टाळत, आणि त्यासाठी एकाने भाजी सकाळी आणायची आणि दुसऱ्याने संध्याकाळी, असं जणू ठरूनच गेलं होतं.

भरण्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि टेबलावर ठेवली.

"एवढं तपासून दे, बाई."

"नाव काय लिहू काका?"

"सध्या नको लिहू. आधी पाह्य तर खरं."

पुडीत शेंगदाण्याएवढं लाल माणिक होतं. खिडकीकडे धरलं की लालीच्या आत कुठेतरी निळी झळक चमकून जायची. वैजयंतीच्या मनात पहिला विचार आला तो काचेचाच. माणकाच्या भेगांमध्ये शिसाची काच वितळवून भरली की खडा नितळ दिसतो, पण तिरका धरला की ती काच निळी चमकते. बाजारातलं शेंबडं पोरही एवढं ओळखत असे. तरी तिने खडा यंत्रात ठेवला.

यंत्राचं नाव उगमदर्शक. सारी इतवारी मात्र त्याला 'पत्रिकावालं मशीन' म्हणायची. माणिक म्हणजे मुळात कुरुंद, ज्याच्यावर सुऱ्यांना धार लावतात तोच. त्यात क्रोमियमचे थोडे अणू शिरले की माणिक होतं, लोह आणि टायटॅनियम शिरलं की नीलम. पण जमिनीखाली हे स्फटिक वाढत असताना भोवतालच्या खडकातली आणखीही बरीच मूलद्रव्यं कणाकणाने आत अडकतात. गॅलियम किती, व्हॅनेडियम किती, ऑक्सिजनचे जड अणू किती आणि हलके किती, हे प्रत्येक जागेचं वेगळं. इतवारीतल्या दोन सावजी घरांचा मसाला कधी एकसारखा लागत नाही, तसंच हे. यंत्र लेसरच्या किरणाने खड्याच्या कडेला केसाच्या पन्नासाव्या भागाएवढा खळगा पाडायचं, त्यातून उडालेली वाफ मोजायचं आणि जगभरच्या खाणींच्या संग्रहाशी ताडून पाहायचं. खडा कुठे जन्मला, भट्टीत गेला का, भेगांत तेल भरलं की काच, की तो कारखान्यातच बनला, सगळं बाहेर.

तीन वर्षांपूर्वी, म्हणजे २०४० साली, हे यंत्र आलं तेव्हा पहिले काही महिने केंद्रात नुसती रडारड होती. एका आजींचा सात पिढ्यांचा पाचू कारखान्यातला निघाला. एका ज्योतिषांनी तीन यजमानांच्या बोटांत घातलेले पुष्कराज साधे पिवळे स्फटिक ठरले. ते तेव्हापासून केंद्राच्या बाजूने चालतच नाहीत. हळूहळू लोक सरावले. लग्न ठरवताना मुलामुलीच्या पत्रिकेबरोबर अंगठीतल्या खड्याचीही पत्रिका मागू लागले.

सहा मिनिटांनी पडद्यावर अक्षरं उमटली. वैजयंती पुढे वाकली.

"काका, शिसं नाही."

"काच?"

"काचच नाही. आणि रेशीम बघा."

माणकाच्या पोटात रुटाइल खनिजाच्या अतिशय बारीक सुया असतात, त्यांना पारखी लोक रेशीम म्हणतात. खडा भट्टीत तापवला की त्या सुया विरघळतात, तुटून ठिपके ठिपके होतात. इथे त्या अखंड होत्या, ताणलेल्या उभ्या धाग्यांसारख्या.

"मग ती निळी झळक कसली?" भरण्यांचा आवाज बारीक झाला होता.

वैजयंतीने किरण नेमका झळकेवर धरला. उत्तर आलं: कायनाईट. माणकाच्या पोटात या खनिजाचा नखाच्या कडेसारखा पातळ पापुद्रा होता, आणि कायनाईट निळाच असतो.

"हे तर त्याहून भारी आहे," ती उत्साहाने म्हणाली. "बाराशे अंशांच्या पुढे कायनाईट टिकत नाही. त्याचं दुसरंच खनिज होतं आणि निळेपणा जातो. माणकाचा रंग खुलवायच्या भट्ट्या त्याच्याही वर तापवतात. म्हणजे हा खडा भट्टीच्या जवळही गेलेला नाही. ज्या झळकेमुळे संशय यावा तीच याची साक्षीदार! फक्त उगम लागत नाहीये. 'संग्रहात नोंद नाही' म्हणतंय. काका? पाणी देऊ का?"

भरणे खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला होता.

"नाव लिही आता," ते म्हणाले. "पद्माकर निनावे. हा तुझ्या बापाचा खडा आहे."

मग त्यांनी सगळं सांगितलं. २०१७ साली पद्माकरने हे माणिक सराफ मंडळाच्या बैठकीत आणलं होतं. हे आपल्याच भागात सापडलेलं आहे, असं त्याचं म्हणणं. सगळे हसले. कोष्ट्याच्या पोराला माणकातलं काय कळतं, असंही कोणी बोललं. निवाड्यासाठी खडा भरण्यांकडे दिला. त्यांनी भिंगातून निळी झळक पाहिली आणि सांगून टाकलं, काच भरलेली आहे. लोकांनी पद्माकरला विचारलं, आणला कुठून ते तरी सांग. तो काही बोलला नाही. न बोलण्याचा अर्थ लोकांनी लावायचा तोच लावला. तो खडा टेबलावर तसाच टाकून निघून गेला आणि पुन्हा बाजारात आला नाही.

"मी दहा मिनिटं पाहिला होता फक्त," भरणे म्हणाले. "जेवणाची वेळ झाली होती. सव्वीस वर्षं ड्रॉवरमध्ये पडून होता. तुझं मशीन आलं तेव्हापासून रोज काढतो अन् परत ठेवतो. आज म्हटलं, मरायच्या आधी पाहून घ्यावं."

*

बाजार सोडल्यावर पद्माकर निनाव्यांनी नागपूरच्याच महाल भागात चष्म्यांचं दुकान काढलं होतं. वैजयंती दुपारी तिथे पोचली तेव्हा ते एका बाईंच्या चष्म्याची काडी सरळ करत होते आणि आई, ज्योत्स्नाबाई, डबा उघडून त्यांची वाट पाहत होती. बाई गेल्यावर वैजयंतीने पुडी पुढे ठेवली आणि एका दमात सगळं सांगितलं.

पद्माकरांनी खडा हातात घेतला नाही. एवढंच विचारलं, "रेशीम शाबूत आहे?"

"अखंड आहे बाबा."

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "चार पिढ्या हातमागावर बसलोय आम्ही. धागा तुटलेला आहे की नाही, ते मला कळत नाही होय?" आणि एकाएकी ते असे मोकळे हसले की ज्योत्स्नाबाई हातातली पोळी तशीच धरून बघत राहिल्या. त्यांचं असं हसणं बऱ्याच वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं.

"आता फक्त जागा सांगा," वैजयंती म्हणाली. "कुठून आणला होता?"

हसणं थांबलं. "ते सांगता यायचं नाही."

"अहो, पण का?"

"शब्द दिलाय."

हळूहळू गोष्ट बाहेर आली. एका आठवडी बाजारात एका बाईने त्यांना हा दगड दाखवला होता. तिच्या गावच्या नाल्यात सापडलेला. त्यांनी रास्त भाव दिला. पैसे पदरात बांधताना तिने एकच अट घातली, की गावाचं नाव कोणाला सांगायचं नाही. शेजारच्या गावात दगडांच्या मागे माणसं आली होती, त्यांनी नाला उकरून टाकला होता आणि उन्हाळ्यात तिथे प्यायला पाणी उरलं नव्हतं. "तुम्ही नाव घेतलं तर आमचा नाला जाईल," ती म्हणाली होती. कोणी पाठोपाठ जाईल या भीतीने ते पुन्हा त्या भागाकडे फिरकलेही नव्हते.

वैजयंती खाली बसली. तिला आता भलतीच काळजी लागली होती. ज्या खड्याचा उगम संग्रहात नसेल, त्याची नोंद केंद्र सात दिवस राखून ठेवत असे. मग ती जगाच्या सामायिक संग्रहात जायची. तिथला संगणक ती देशोदेशींच्या हरएक नाल्याच्या वाळूच्या पृथक्करणाशी ताडायचा. आठवडाभरात नकाशावर वर्तुळ उमटायचं आणि ते लहान लहान होत एका नाल्यावर येऊन थांबायचं. मागच्या वर्षी परदेशातल्या एका खेड्याचं असंच नाव निघालं आणि महिन्याभरात तिथे यंत्रं उभी राहिली होती.

"म्हणजे मी गप्प बसलो तरी तुझं मशीन बोलणार?"

"मालकाने हरकत घेतली तर नाही. पण मग सगळंच पुसलं जातं. प्रमाणपत्र, तपासणी, सगळं. हा खडा तपासला होता याचाही पुरावा राहत नाही."

"मग पुसून टाक."

"बाबा! तुम्हाला खोटं ठरवलं त्यांनी! आज पहिल्यांदा..."

"तुला माहीत आहे ना आता? तुझ्या आईला माहीत आहे. गंगाधरला माहीत आहे. पुरे झालं मला."

वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी पोळी ताटात टाकली.

"एक सांगू का? शब्द दिलाय तो लोकांना न सांगण्याचा. जिला दिलाय तिला विचारायला काय बंदी आहे? सात दिवस आहेत ना? मग बसून काय राहिले? जेवा आणि निघायची तयारी करा."

*

वैजयंतीने भरण्यांनाही सगळं कळवलं होतं. शुक्रवारी सकाळी तिने गाडी काढली तर मागच्या सीटवर भरणे आधीच बसलेले. "मी येणार," ते म्हणाले. "ज्या बाईमुळे हा माणूस तोंड शिवून बसला, तिला मला पाहायचं आहे."

पद्माकर पुढे बसले आणि गावाचं नाव न घेता त्यांनी गाडीच्या नकाशावर नुसतं बोट ठेवलं. पहिला दीड तास गाडीत चकार शब्द नव्हता. गाडी स्वतःची स्वतः चालत होती, त्यामुळे वैजयंतीला हातांना कामही नव्हतं. ती नुसती खिडकीबाहेर बघत होती. भंडाऱ्याच्या पुढे चहाला थांबले. कप हातात आल्यावर भरणे पद्माकरांसमोर जाऊन उभे राहिले.

"पद्माकर, मी चुकलो. मी नीट पाहिलं नाही."

पद्माकरांनी चहाचा घोट घेतला.

"तू काच म्हणालास त्याचा राग नव्हता रे," ते म्हणाले. "झळक तशीच होती, कोणीही फसला असता. पण मी जाताना तू उठला नाहीस. मागून एक हाक मारली असतीस तर मी थांबलो असतो."

"उठणार होतो," भरणे म्हणाले. "सगळे बघत होते."

"आता कोण बघतंय? बस. साखर कमी आहे यांच्या चहात, घे थोडी."

तिथून पुढे दोघांनी मिळून वैजयंतीचं डोकं खाल्लं. बाजारात कोणाचा नीलम कसा फुटला, कोणी रंगवलेला गोमेद कोणाला विकला, याच्या गोष्टी सांगताना ते एकमेकांचं वाक्य तोडत होते, आणि बिजाटोला आलं तरी थांबायला तयार नव्हते.

बिजाटोला जंगलाच्या कडेला चाळीसेक घरांचं गाव. रायवंताबाई कोडापे अंगणात मोहाची फुलं निवडत बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, पण नजर तीक्ष्ण. पद्माकर फाटकात उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार केला.

"ओळखलं का बाई? लाल दगड नेला होता मी."

रायवंताबाईंनी वर पाहिलं. पाहत राहिल्या.

"दगडवाले गुरुजी! अजून जिवंत हाव का जी तुम्ही?"

"आहे अजून."

"अन् कोणाले सांगतलं नाही?"

"नाही."

"बायकोलेबी नाही?"

"तिलाही परवा सांगितलं, तेही गावाचं नाव सोडून."

म्हातारी डोक्याला हात लावून हसायला लागली. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले. "अरे बाप्पा! आमी समजत होतो तुम्ही विसरले असाल. आमी तर तुमालेच शोधून राहिलो होतो."

तिने घरातून पितळी डबा आणला. आत दीडेकशे लाल खडे होते, काही माणकाचे, काही नुसते तांबूस. गावाला चार वर्षांपूर्वी नव्या कायद्याने जंगलावर, नाल्यावर आणि त्यातल्या दगडांवरही ग्रामसभेचा हक्क मिळाला होता. सभेच्या परवानगीशिवाय आता तिथे कुदळ पडू शकत नव्हती. बायकांनी चाळणीने खडे वेचायला सुरुवात केली होती. पण विकायला गेलं की व्यापारी दगड न तपासताच यंत्राच्या संग्रहातली यादी पुढे करायचे: या गावाची नोंद नाही. आणि मातीमोल भाव द्यायचे. एकाने तर सांगितलं होतं, कागदावर बर्मा लिहू द्या, मग घेतो.

"आमच्या नाल्याचा दगड अन् नाव दुसऱ्याचं!" रायवंताबाई म्हणाल्या. "मले नाही पटलं ते."

दुपारी वडाखाली सभा बसली. वैजयंतीने काहीही न लपवता सगळं सांगितलं. नाव नोंदवलं तर काय होईल, नाही नोंदवलं तर काय, आणि हरकत घेऊन सगळं पुसायचाही मार्ग कसा आहे. भाऊराव मडावी म्हणून एक शेतकरी उठून म्हणाले, "नाव गेलं की गाड्या येतील. कायदा आज आहे, उद्या बदलला तर?" त्यावर बराच खल झाला. आवाजही चढले. भाऊरावांचं म्हणणं कोणालाच उडवून लावता येत नव्हतं.

शेवटी रायवंताबाई काठी टेकून उभ्या राहिल्या.

"त्या टायमाले आपल्याजवळ हक्काचा कागद नव्हता, म्हणून मी या माणसाचं तोंड बंद केलं. त्यानं बंद ठेवलं. पण आता ते मशीन बंद राहणार नाही. आज नाही तर उद्या दुसऱ्या कोणाचा दगड त्यात जाईल. त्याईनं शोधून काढलं तर नाव त्याईचं. आपण होऊन सांगतलं तर आपलं. अन् अटी आपल्या."

मग अटी ठरल्या, त्याही भाऊरावांनीच सांगितल्या. यंत्र नाल्यात उतरणार नाही. फक्त गावातली माणसं चाळतील, दिवाळी ते होळी, तेही प्यायच्या पाण्याचा डोह सोडून. आणि हे सगळं नोंदीतच लिहिलं जाईल, म्हणजे या गावचा प्रत्येक खडा आपल्या पत्रिकेत या अटी घेऊन फिरेल. हात वर झाले. भाऊरावांचा हात सगळ्यांत शेवटी वर गेला, पण गेला.

संग्रहात नवा उगम घालायचा तर जाणकाराने स्वतः जागेवरून नमुना घ्यावा लागतो. सभेने त्या एका नमुन्यापुरती मुभा दिली, तेव्हा वैजयंतीने पायातले जोडे काढले आणि ती गुडघाभर पाण्यात उतरली. चार चाळण्या नुसती वाळू निघाली. पाचवीत मटारएवढा एक लाल दाणा चमकला. काठावरच्या बायकांनी असा गलका केला की वडावरचे बगळे उडाले. पद्माकर आणि भरणे पँटचे पाय दुमडून पाण्यात उतरू लागले, तेव्हा रायवंताबाईंनी दोघांनाही काठी दाखवून परत बसवलं.

*

सोमवारी दाणा यंत्रात गेला. गॅलियम, व्हॅनेडियम, ऑक्सिजन, सगळं जुळलं. पोटात कायनाईटही होता. पडद्यावरची 'नोंद नाही' ही ओळ पुसली गेली आणि तिथे आलं: उगम, बिजाटोला, महाराष्ट्र. खाली गावाच्या अटी.

त्याच आठवड्यात भरण्यांनी सराफ मंडळाची सभा बोलावली आणि सगळ्यांसमोर उभं राहून, कागद न वाचता, २०१७ साली काय झालं ते सांगितलं. पद्माकर सभेला गेलेच नाहीत. दुकानात गर्दी होती, असं त्यांनी नंतर सांगितलं. पण भरणे आपलं बोलणं संपवून तडक दुकानात आले, तेव्हा ज्योत्स्नाबाईंनी तिथे तिघांचा डबा मांडून ठेवला होता.

दिवाळीनंतर दोघे म्हातारे दर शनिवारी बिजाटोल्याला जाऊ लागले. गावातल्या बारा बायका रत्नपारख शिकत होत्या. यंत्र इतवारीत असलं तरी कोणता दगड तिथे न्यायचा हे नाल्याच्या काठावरच कळायला हवं, असं पद्माकरांचं म्हणणं. त्यांनी प्रत्येकीला भिंग दिलं होतं. त्याशिवाय एक छोटी नळी होती. तिच्यातून पाहिलं की माणकाच्या लालीच्या दोन छटा शेजारी शेजारी दिसतात, आणि त्याच नाल्यात सापडणाऱ्या, अगदी माणकासारख्या दिसणाऱ्या स्वस्त तामड्याची एकच.

एका शनिवारी वैजयंतीही गेली होती. समारू उईके नावाच्या बाईच्या चाळणीत चांगला बोराएवढा, गर्द लाल दगड आला. पद्माकरांनी तो उन्हात धरला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"माणिक! आजवरचं सगळ्यांत मोठं!"

"तामडा आहे," भरणे म्हणाले.

"गंगाधर, लाली बघ जरा."

"लालीच बघतोय. तामडा आहे."

"सव्वीस वर्षांपूर्वी असंच बोलला होतास!"

"तेव्हा दहा मिनिटं पाहिलं होतं. आता अर्धा तास बघून राहिलो मी!"

दोघे इरेला पेटले. बायकांनी हातातल्या चाळण्या खाली ठेवल्या. समारूबाईने दोघांच्या मधून हात घातला, दगड काढून घेतला, नळी डोळ्याला लावली आणि दगड हळूहळू फिरवू लागली. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं, मग पाठमोरी होऊन उन्हाकडे तोंड करून पुन्हा पाहिलं.

"एकच रंग," ती वळून म्हणाली. "तामडाच हाय गुरुजी. तुम्ही चुकले."

पद्माकरांनी नळी मागून घेतली आणि स्वतः पाहिलं. मग ते मटकन वाळूत बसले, दोन्ही हातांनी पोट धरलं आणि इतक्या मोठ्याने हसू लागले की पलीकडच्या शेतातून भाऊराव मडावी काय झालं म्हणून पळत आले.